सिनेमाची टायटल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमा सुरू झाल्यावर अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत आत येणाऱ्याला 'टायटल्सच चालली होती, काही बुडालं नाही' असं सांगायची आपल्याकडे रीत आहे. माझ्या मते बरंच बुडालेलं असतं. हा विषय निघाला की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. सोपे प्रश्न आधी, चकवणारे नंतर.

१. टायटल्स, पाट्या, श्रेयनामावली, क्रेडिट्स हे सगळं एकच का?

बोलताना एकच, आणि तसं बोलल्याने काही बिघडत नाही. काटेकोरपणे पाहिलं तर सिनेमाचं नाव म्हणजे शीर्षक आणि कोणी काय काम केलं ती यादी म्हणजे श्रेयनामावली. ही दोन्ही घेऊन, चित्रं आणि संगीत घालून सुरुवातीला जे रचतात तो टायटल सिक्वेन्स. 'पाटी' हा शब्द मूकपटांच्या काळातला. तेव्हा नावंच काय, संवादही पाटीवरच वाचावे लागत (प्रश्न ३).

२. अगदी जुन्या सिनेमांत नटनट्यांची नावंच का दिसत नाहीत?

कारण कंपन्यांना ती द्यायची नव्हती. पडद्यावर कंपनीचं नाव मात्र ठसठशीत असे. नटाचं नाव लोकांच्या तोंडी बसलं की तो पगार वाढवून मागणार, हा साधा हिशेब होता. अमेरिकेत बायोग्राफ कंपनीच्या चित्रपटांतली फ्लॉरेन्स लॉरेन्स प्रेक्षकांची लाडकी होती, पण लोक तिला 'बायोग्राफ गर्ल' म्हणूनच ओळखायचे. कार्ल लेमले या निर्मात्याने तिला आपल्या कंपनीत आणलं. मग १९१० मध्ये ती ट्रामखाली सापडून वारल्याची बातमी उठली, आणि लगेच 'ही अफवा खोटी आहे' अशी लेमलेची जाहिरात झळकली. बातमी पेरणाराही तोच. या बनवाबनवीतून तिचं नाव मात्र घरोघर पोचलं. पडद्यावर कुणाचं नाव यावं ही ओढाताण तिथून सुरू झाली ती आजतागायत चालू आहे, आणि खालची निम्मी उत्तरं शेवटी तिथेच येऊन पोचतात.

३. मूकपटातल्या पाट्या कोण लिहायचं?

दोन माणसं. एक मजकूर लिहिणारा आणि दुसरा अक्षरं काढणारा. दोन्ही कामांना मान होता. १९२९ मध्ये पहिले ऑस्कर दिले गेले तेव्हा त्यात पाट्यांच्या लेखनासाठी वेगळं बक्षीस होतं आणि ते जोसेफ फार्नहॅमला मिळालं. ते तेवढंच. बोलपट आले, पाट्या गेल्या, बक्षीसही गेलं.

अक्षरांचं काम करणाऱ्या स्वतंत्र संस्थाही निघाल्या होत्या. पॅसिफिक टायटल ही त्यांतली नामांकित. १९१९ मध्ये ती काढणारा लिऑन श्लेसिंगर पुढे लूनी ट्यून्सच्या कार्टूनपटांचा निर्माता झाला.

४. आपल्याकडे याची सुरुवात कुठून धरायची?

दादासाहेब फाळक्यांपासून. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यात इंग्रजीबरोबर देवनागरी पाट्याही होत्या. एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही: फाळके सिनेमाकडे वळले ते छापखान्यातून. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, शिळाछपाई जाणणारा आणि स्वतःचा छापखाना चालवलेला हा माणूस. अक्षर कागदावर कसं बसतं हे त्यांना पडद्यावर ते कसं दिसेल याच्या आधीपासून ठाऊक होतं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात आले. म्हणजे आपल्या सिनेमाचे पहिले दोन मोठे कारागीर एक छापखान्यातला आणि एक रंगाच्या डब्यातला. प्रेक्षकांतल्या अनेकांना वाचता येत नसे, मग काही ठिकाणी थिएटरात एक माणूस उभा राहून पाट्या मोठ्याने वाचून दाखवी.

यानंतर आलं बोधचिन्हांचं युग. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्याला आलेल्या 'प्रभात'ची तुतारी फुंकणारी स्त्री आठवा. आर. के.चं चिन्ह 'बरसात'मधल्या (१९४९) प्रसंगावरून घेतलेलं, एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर नायिका. मेहबूब प्रॉडक्शन्सच्या चिन्हात विळा-हातोडा, आणि त्यावर नशिबाची दोरी देवाच्या हाती आहे असं सांगणारा उर्दू शेर! साम्यवाद आणि दैववाद एकाच पाटीवर इतक्या सुखाने नांदताना मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

५. टायटल डिझाइन म्हटलं की सगळे सॉल बासचंच नाव का घेतात?

त्याच्या आधी टायटल्स हा बहुतेकदा वेळ काढायचा प्रकार होता. मखमलीवर, पुस्तकाच्या पानावर किंवा एखाद्या निसर्गदृश्यावर वळणदार अक्षरं आणि वर वाद्यवृंद. अमेरिकेतल्या थिएटरांत तर नावं चालू असताना पडदा बंदच असे; नावं संपता संपता तो उघडे.

बास हा जाहिरातींच्या जगातला चित्रकार. दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरने त्याला आधी पोस्टरसाठी बोलावलं आणि मग 'कार्मेन जोन्स'ची (१९५४) टायटल्सही दिली. खरा धक्का दिला तो 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'ने (१९५५). विषय हेरॉइनच्या व्यसनाचा. बासने काळ्या पार्श्वभूमीवर कागदातून कापल्यासारख्या पांढऱ्या पट्ट्या सरकवल्या आणि शेवटी त्यातूनच एक वेडावाकडा, खाली झेपावलेला हात काढला. ना नटांचे चेहरे, ना सुई. रिळांच्या डब्यांवर ऑपरेटरसाठी सूचना होती: टायटल्सच्या आधी पडदा उघडा. माझ्या लेखी टायटल डिझाइनचा इतिहास या एका चिठ्ठीपाशी दोन भागांत फुटतो.

पुढे हिचकॉकसाठी 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये (१९५९) त्याने हिरव्या पडद्यावर तिरप्या रेषांची जाळी आखली, त्या रेषांवरून नावं लिफ्टसारखी वरखाली केली आणि पाहता पाहता ती जाळी एका काचेच्या इमारतीची दर्शनी भिंत झाली. 'वेस्ट साइड स्टोरी'त (१९६१) नामावली शेवटी, भिंती आणि दारांवर खरडलेली.

एक दुरुस्ती मात्र हवी. 'सॉल बासने केलं' असं आपण सरसकट म्हणतो त्यातलं पुष्कळसं काम त्याची पत्नी इलेन हिच्याबरोबरचं आहे. 'स्पार्टाकस'पासून (१९६०) ती सोबत होती, आणि नव्वदच्या दशकात स्कोर्सेसीसाठी केलेली 'गुडफेलाज'पासून 'कसीनो'पर्यंतची टायटल्स दोघांची. श्रेयनामावलीच्या इतिहासातच श्रेय राहून जावं, याला काय म्हणायचं!

६. 'व्हर्टिगो'तले फिरणारे भोवरे १९५८ मध्ये कॉम्प्युटरवर केले होते का?

आजच्या अर्थाने नाही, पण प्रश्न अगदीच चुकीचाही नाही. ते काम बासबरोबर जॉन व्हिटनीचं. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांचा नेम धरण्यासाठी वापरलेली गणनयंत्रं युद्धानंतर भंगारात निघाली होती. तसलं यंत्र वापरून व्हिटनीने गणितातल्या लिसाजू वक्रांची, म्हणजे स्वतःभोवती वळत जाणाऱ्या रेषाकृतींची, चित्रं काढवून घेतली. ते यंत्र म्हणजे एक प्रकारचा यांत्रिक संगणकच. उंचीच्या भीतीने गरगरणाऱ्या नायकाच्या सिनेमाला तोफेचं यंत्र कामी आलं.

७. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा चालत्या चित्रावर अक्षरं उमटवायचे कशी?

सोपा मार्ग म्हणजे काळ्या कार्डावर पांढऱ्या रंगात नाव लिहायचं, कार्ड स्टँडवर सपाट ठेवायचं आणि वरून कॅमेऱ्याने एकेक फ्रेम घ्यायची. मग ऑप्टिकल प्रिंटरमध्ये, म्हणजे एका फिल्मवरचं चित्र दुसरीवर उतरवणाऱ्या यंत्रात, ती अक्षरं मूळ दृश्यावर छापायची. या छपाईत प्रतीवरून प्रत निघते, म्हणून जुन्या सिनेमांत नावं चालू असताना चित्र जरा मळकट, दाणेदार दिसतं आणि नावं संपताच एकदम स्वच्छ होतं. पुढच्या वेळी नीट पाहा. दुसरा मार्ग काचेचा: काचेवर अक्षरं रंगवायची आणि मागे देखावा ठेवायचा.

'स्टार वॉर्स'मधला (१९७७) दूर जाणारा तिरका मजकूरही असाच हाती केलेला. तो मजकूर खरोखर आडवा मांडून त्यावरून कॅमेरा सावकाश सरकवला होता. कल्पना तीसच्या दशकातल्या 'फ्लॅश गॉर्डन' मालिकापटांवरून घेतलेली.

८. जेम्स बाँडच्या सुरुवातीचा तो बंदुकीच्या नळीचा शॉट कोणाचा?

मॉरिस बाइंडरचा, 'डॉक्टर नो'पासून (१९६२). खऱ्या पिस्तुलाच्या नळीतून पिनहोल कॅमेऱ्याने तो घेतला. पडद्यावरून सरकणारे पांढरे ठिपके त्याला सुचले ते दुकानात किंमत लिहून चिकटवतात त्या गोल पांढऱ्या चिकट्यांवरून. नळीतून दिसणारा माणूस पहिल्या तीन सिनेमांत शॉन कॉनरी नसून बॉब सिमन्स हा स्टंटमन आहे. सगळीच बाँड टायटल्स बाइंडरची नव्हेत. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' आणि 'गोल्डफिंगर'ची रॉबर्ट ब्राउनजॉनने केली. त्याने नावं आणि दृश्यं थेट स्त्रीदेहावर प्रोजेक्टरने पाडली. १९९५ च्या 'गोल्डनआय'पासून डॅनियल क्लाइनमनचा काळ सुरू होतो.

९. जुन्या हिंदी सिनेमांचं नाव तीन-तीन लिप्यांत का असायचं?

रोमन, देवनागरी आणि उर्दू. 'मुघल-ए-आझम'सारख्या (१९६०) सिनेमात हे तिन्ही एकापाठोपाठ येतात. कारण प्रेक्षक तसा होता: एकाच थिएटरात कुणी फक्त उर्दू वाचणारा, कुणी फक्त नागरी. शिवाय गीतकार-संवादलेखकांतले कितीतरी जण उर्दूतच लिहीत. बाकीच्या नामावलीला मात्र बहुतेकदा रोमन लिपीच असे आणि आता तर बहुधा ती एकटीच दिसते.

याला जोडूनच मराठीचं विचारलं जातं. मराठीत अक्षरांची परंपरा खरी फुलली ती नाटकांच्या जाहिरातींत. कमल शेडगे यांनी काढलेली शीर्षकं वर्तमानपत्रात पाहून नाटकाचा स्वभाव कळायचा. शेडगे २०२० मध्ये गेले. हे वैभव घरात असताना एखाद्या मराठी सिनेमाचं नाव कॉम्प्युटरमध्ये आयत्या सापडणाऱ्या मंगल फाँटमध्ये दिसलं की सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. मंगलचा दोष नाही. र. कृ. जोशींनी तो स्क्रीनवर मजकूर वाचण्यासाठी केला आणि त्या कामाला तो उत्तम आहे. लग्नाला ऑफिसचा शर्ट घालून गेल्यावर शर्टाला बोल लावू नये.

सत्यजित राय यांचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. जाहिरात कंपनीत ग्राफिक आर्टिस्ट असलेले राय आपल्या सिनेमांची अक्षरं स्वतः काढत, आणि 'राय रोमन' हा त्यांचा रोमन टाइपही आहे.

१०. नावांचा क्रम कोण ठरवतं? आणि भांडण झालं तर?

करार ठरवतो. कुणाचं नाव आधी, अक्षरं किती मोठी, पाटीवर एकटं की इतरांबरोबर, शीर्षकाच्या आधी की नंतर, हे सगळं कागदावर असतं. सर्वांत गाजलेला तोडगा 'द टॉवरिंग इन्फर्नो'चा (१९७४). स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन, दोघेही अव्वल. मग मॅक्वीनचं नाव डावीकडे पण खाली, आणि न्यूमनचं उजवीकडे पण वर. डावीकडून वाचलं तर एक पहिला, वरून वाचलं तर दुसरा.

पहिल्या जागेइतकाच शेवटच्या जागेलाही भाव असतो, आणि हे आपल्या प्राणसाहेबांइतकं कुणी सिद्ध केलं नाही. सगळ्या नावांनंतर थोडं थांबून 'अँड प्राण' अशी पाटी यायची. त्यांच्या चरित्राचं नावही तेच आहे.

सिनेमाच्या सुरुवातीच्या नामावलीत दिग्दर्शकाचं नाव सगळ्यात शेवटी येतं तो हॉलिवुडमधल्या दिग्दर्शकांच्या संघटनेचा नियम. तो मोडल्यावर काय झालं ते प्रश्न १४ मध्ये आहे.

११. इंग्रजी सिनेमात दोन लेखकांच्या मध्ये कधी 'अँड' हा शब्द तर कधी त्याचं चिन्ह (&) असतं. काही अर्थ आहे का?

आहे, आणि पक्का आहे. अमेरिकन लेखक संघटनेच्या नियमाप्रमाणे चिन्ह असेल तर दोघांनी जोडीने लिहिलं. अक्षरी शब्द असेल तर दोघांनी वेगवेगळं काम केलं. बहुधा एकाने लिहिलेलं दुसऱ्याने नंतर बदललं. ते एकमेकांना कधी भेटलेही नसतील.

१२. आपल्याकडे नावासाठी कुणी भांडलं का?

हो तर. 'महल'मधलं (१९४९) लता मंगेशकरांचं गाणं रेकॉर्डवर आलं तेव्हा गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! पार्श्वगायकांना पडद्यावर आणि रेकॉर्डवर स्वतःचं नाव मिळालं ते त्यानंतर, मागून घेऊन.

लेखकांची गोष्ट आणखी रंगतदार आहे. 'जंजीर' (१९७३) लागला तेव्हा पोस्टरवर सलीम-जावेद यांचं नाव नव्हतं. त्यांनी माणूस लावून, रंगाचा डबा देऊन मुंबईभरच्या पोस्टरांवर ते रंगवून घेतलं. घाईत ते पोस्टरवर जागा मिळेल तिथे पडलं. पुढच्या सिनेमांत कुणी विसरलं नाही.

१३. टायटल्समध्ये खोटी नावं असतात हे खरं का?

खरं. अमेरिकेत स्वतःच्या सिनेमावरून नाव काढून घ्यायचं असेल तर दिग्दर्शकाऐवजी 'अ‍ॅलन स्मिथी' असं टोपणनाव लावत. १९६९ च्या 'डेथ ऑफ अ गनफायटर'पासून हा माणूस काम करू लागला आणि २००० मध्ये त्याला निवृत्त केलं. इतकी वर्षं वाईट सिनेमे काढूनही काम मिळत राहिलेला दुसरा दिग्दर्शक नसेल.

पण सगळीच खोटी नावं गमतीची नाहीत. साम्यवादी असल्याच्या आरोपावरून हॉलिवुडने बहिष्कृत केलेल्या डाल्टन ट्रंबोने 'रोमन हॉलिडे' (१९५३) लिहिला, पण पडद्यावर नाव त्याच्या मित्राचं लागलं. १९६० मध्ये 'एक्सोडस' आणि 'स्पार्टाकस'वर ट्रंबोचं नाव झळकलं तेव्हा बहिष्काराला भगदाड पडलं. 'रोमन हॉलिडे'चं श्रेय त्याला अधिकृतपणे मिळालं २०११ मध्ये. तोवर त्याला जाऊन पस्तीस वर्षं झाली होती.

उलट प्रकारही आहे: काम न करता नाव. एमजीएमच्या कलाविभागाचा प्रमुख सेड्रिक गिबन्स याच्या करारात कंपनीच्या प्रत्येक सिनेमावर कलादिग्दर्शक म्हणून आपलं नाव असेल अशी अट होती. नावं हजाराच्या वर गेली. एवढे सेट एका माणसाने उभारले असतील हे कुणालाच पटणार नाही.

आणि मुद्दाम लपवलेली नावं: 'फ्रँकेनस्टाइन'च्या (१९३१) सुरुवातीला राक्षसाचं काम करणाऱ्यासमोर फक्त प्रश्नचिन्ह आहे. बोरिस कारलॉफ हे नाव शेवटी येतं.

१४. सुरुवातीला नावंच नाहीत असे सिनेमे केव्हापासून?

'सिटिझन केन'ने (१९४१) सुरुवातीला निर्मितीसंस्थेची पाटी आणि शीर्षक एवढंच दाखवून बाकी सगळं शेवटी नेलं. तिथे ऑर्सन वेल्सने दिग्दर्शक म्हणून स्वतःचं आणि छायालेखक ग्रेग टोलंडचं नाव एकाच पाटीवर ठेवलं. इतकं मोठं मन क्वचित दिसतं. 'फॅरनहाइट ४५१'मध्ये (१९६६) पुस्तकं जाळणाऱ्या, वाचनबंदीच्या जगाची गोष्ट आहे, म्हणून नावं लिहिलेली नाहीत. ती बोलून दाखवली आहेत. 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) ७० मिमीमध्ये दाखवला तेव्हा पडद्यावर नामावलीच नव्हती. प्रेक्षकांच्या हाती छापील पुस्तिका दिली होती.

जॉर्ज लुकासला मात्र हे महागात पडलं. 'स्टार वॉर्स'चा दिग्दर्शक तो स्वतः असल्याने नावं शेवटी गेलेली चालून गेली. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'चा (१९८०) दिग्दर्शक अर्विन कर्शनर होता. त्याचं नाव शेवटी, आणि सुरुवातीला 'लुकासफिल्म'. दिग्दर्शकांच्या संघटनेने दंड ठोकला. कर्शनरची स्वतःची तक्रार नव्हती, तरीही. लुकासने संघटनाच सोडली.

१५. शेवटची नामावली एवढी लांब का झाली?

पूर्वी स्टुडिओची माणसं मासिक पगारावर असत आणि नाव फक्त खातेप्रमुखांचं लागे. स्टुडिओची ती व्यवस्था मोडल्यावर प्रत्येक जण सिनेमापुरता कामाला येऊ लागला. पुढचं काम मिळवायला पडद्यावरचं नाव हाच त्याचा दाखला. त्यात व्हीएफएक्सचे, म्हणजे कॉम्प्युटरवर दृश्यं रचणाऱ्यांचे, ताफे आले. म्हणून मी शेवटपर्यंत बसतो, जरी झाडूवाले मावशी-काका दारात उभे राहून माझ्याकडे पाहत असले तरी.

१६. टायटल्समध्ये चूक झाली तर?

कधी काहीच होत नाही. 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'ची (१९६४) पडदाभर पसरलेली काटकुळी अक्षरं पाब्लो फेरोने हाताने काढली. त्यात 'बेस्ड ऑन'चं 'बेस ऑन' झालं आहे, आणि ते आजही तसंच आहे.

कधी सर्वस्व जातं. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं (१९६८) नाव ऐन वेळी बदललं. जुन्या शीर्षकाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ होती. नवीन पाटी करताना ती राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ सक्तीची होती. सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला, आणि तो कुणीही कुठेही दाखवावा, कॅसेटी काढून विकाव्यात, अशी मुभा झाली. एका ओळीची किंमत.

१७. 'सेव्हन'च्या टायटल्सचं एवढं कौतुक का?

१९९५ मध्ये डिझायनर काइल कूपरने या खुनाच्या थरारपटातून टायटल डिझाइन पुन्हा चर्चेत आणलं. अक्षरं हाताने ओरखडून काढलेली, फिल्म थरथरणारी, आणि वह्या शिवणारे, ब्लेडने बोटांची कातडी सोलणारे हात. ते कुणाचे हे तेव्हा कळत नाही. खुन्याचं काम करणाऱ्या नटाचं नाव सुरुवातीला मुद्दाम वगळलं आहे, म्हणजे या दोन मिनिटांत तो असतोही आणि नसतोही ('फ्रँकेनस्टाइन'ची युक्ती, प्रश्न १३). शेवटची नामावलीही उलटी, वरून खाली सरकते. यानंतर बरीच वर्षं प्रत्येक थरारपटाची अक्षरं थरथरत होती. त्याचा दोष कूपरला देऊ नये.

१८. टायटल्सना ऑस्कर मिळतं का?

नाही. प्रश्न ३ मधलं एक सोडलं तर कधीच नाही. टीव्ही मालिकांच्या टायटल्सना एमी पुरस्कार आहे. २०१७ पासून नेटफ्लिक्सवर तीच टायटल्स ओलांडून जायचं बटणही आहे.

१९. टायटल्समुळे सिनेमा बिघडला असं कधी झालंय?

वेल्सच्याच 'टच ऑफ एव्हिल'चं (१९५८) उदाहरण घ्या. सुरुवातीला तीन मिनिटांहून लांब, न तोडलेला शॉट आहे. एक जण टाइमबाँब गाडीच्या डिकीत ठेवतो आणि ती गाडी सरहद्दीवरच्या गावातून गर्दीतून सावकाश निघते. स्टुडिओने या शॉटवरच नावं छापली आणि वर संगीत वाजवलं. म्हणजे ज्या गाडीवरून नजर हलू नये, तिच्यावर वाचायला मजकूर दिला. वेल्सने ५८ पानांचं टिपण लिहून सिनेमात काय काय बदलावं ते कळवलं, त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही. १९९८ मध्ये, वेल्सला जाऊन तेरा वर्षं झाल्यावर, वॉल्टर मर्चने त्या टिपणाच्या आधारे नवं संकलन केलं. त्यात नावं शेवटी गेली आहेत, संगीत काढलं आहे, आणि गाडी जाते तेव्हा रस्त्यावरच्या दुकानांतून आणि तिच्या रेडिओतून येणारे आवाज तेवढे ऐकू येतात.